‘तांत्रिक बिघाड’ छापण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत कृत्रिम बुद्धिमत्तेवर जो लेख आला, त्यात जुन्या विज्ञानमालिकांवर एक परिच्छेद होता. या मालिकांनी संगणक माणसावर उलटणार असा बागुलबुवा उभा केला, पिढ्यान् पिढ्या भीती घातली, आणि आता ती भीती टाकून द्यायला हवी, असा त्याचा सूर होता. उदाहरण म्हणून ‘स्टार ट्रेक’मधल्या ‘द अल्टिमेट कॉम्प्युटर’ या भागाचं नाव दिलं होतं. मी ३८ वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढली. हा भाग मी दोनदा पाहिला आहे, एकदा तिशीत आणि दुसऱ्यांदा आता एकाहत्तराव्या वर्षी, आपला लेख वाचल्यावर मुद्दाम शोधून. त्यात यंत्र माणसावर उलटत नाही. जे होतं ते वेगळंच आहे आणि माझ्या मते आज त्याचीच चर्चा व्हायला हवी, म्हणून हे पत्र. लांबलं तर सांभाळून घ्यावं.

ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘स्टार ट्रेक’ लागायची. माझं आयुष्य तेव्हा दोन तुकड्यांत होतं, आठ महिने बोटीवर आणि तीन महिने घरी. घर म्हणजे डोंबिवलीतल्या चाळीत दीड खोली. टीव्ही समोरच्या बिऱ्हाडात होता आणि रविवारी सकाळी त्यांच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. मालिकेतलं इंग्रजी फारसं कुणाला कळत नसे, पण टोकदार कानांचा स्पॉक पोराटोरांनाही ठाऊक. मी बघायचो तो स्कॉटीसाठी. अंतराळात उडणाऱ्या जहाजालाही इंजिनरूम असते, तिथे एक चीफ इंजिनिअर असतो, वरून कप्तानाने स्पीड मागितला की तो खालून इंजिनाला झेपणार नाही म्हणून कळवळतो. आपल्याच खात्यातला माणूस भेटल्यासारखं वाटायचं मला.

ज्यांनी हा भाग पाहिला नसेल त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. एंटरप्राइझ या जहाजावर एरवी ४३० माणसं असतात. डॉ. रिचर्ड डेस्ट्रॉम नावाचा नामांकित शास्त्रज्ञ एम-५ हा नवा संगणक घेऊन येतो. कप्तान कर्कला हुकूम मिळतो की माणसं उतरवा, फक्त २० ठेवा, बाकी जहाज एम-५ चालवेल. सुरुवातीला एम-५ खरोखरच झकास काम करतो. एका ग्रहाची पाहणी करायला कुणाला पाठवायचं, असं विचारल्यावर कर्क एक यादी सांगतो आणि एम-५ दुसरी. एम-५ ने एका अशा कनिष्ठ माणसाला निवडलेलं असतं, जो पूर्वी व्यापारी जहाजावर असताना त्या ग्रहावर जाऊन आलेला असतो. निवड बिनचूक असते. खुद्द कप्तान आणि डॉक्टर यांची नावं मात्र यादीत नसतात, कारण त्या कामगिरीला ते अनावश्यक. पुढे सरावाच्या लढाईत एम-५ दोन जहाजांना सहज हरवतो, आणि समोरचा कमोडोर वेस्ली एम-५ चं कौतुक करताना कर्कचा उल्लेख ‘कॅप्टन डन्सेल’ असा करतो. डन्सेल म्हणजे त्यांच्या अकादमीतल्या पोरांच्या बोलीत यंत्राचा असा भाग, ज्याचा काही उपयोग उरलेला नाही. तो शब्द ऐकून ब्रिजवर जी शांतता पसरते आणि कर्क न बोलता उठून जातो, तो प्रसंग विसरता येत नाही.

त्यानंतर एम-५ एक मालवाहू जहाज उडवतो. त्यावर माणसं नसतात, तेही यंत्रावरच चाललेलं असतं. तिथेच कर्क एम-५ बंद करायला सांगतो, आणि तो बंद होत नाही. मग चार जहाजांबरोबरच्या मोठ्या सरावात एम-५ खऱ्या ताकदीने मारा करतो आणि एक्सकॅलिबर या जहाजावरची सगळी माणसं मरतात.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला यात फक्त पोटाचा प्रश्न दिसला. कारण तो माझ्या डोळ्यांसमोर घडत होता. १९७६ साली मी पहिल्या बोटीवर चढलो तेव्हा आम्ही ५५ जण होतो. डेकचा सारंग म्हणजे खलाशांचा मुकादम वेगळा, इंजिनचा वेगळा, टंडेल, आगवाले, तेलवाले, भंडारी, टोपास. इंजिनरूममध्ये चोवीस तास वॉच, चार तास काम आणि आठ तास सुट्टी. मग ज्या बोटी आल्या त्यांच्या इंजिनरूममध्ये रात्री माणूसच नसायचा. संध्याकाळी पाच वाजता सगळं तपासून यंत्रणेच्या ताब्यात द्यायचं आणि सकाळी आठला परत उघडायचं. मध्ये काही झालं तर ज्याची पाळी असेल त्याच्या केबिनमध्ये अलार्म वाजायचा. त्या काळात मेसमध्ये आमची बोलणी एकच, पुढच्या करारात कुणाचं नाव गळणार. त्यामुळे ‘डन्सेल’ हा शब्द मला वर्मी लागला. रजा संपवून परत गेल्यावर तो मी आमच्या सारंगाला समजावून सांगितला होता. त्याने मान हलवली आणि म्हणाला, ‘आमच्यात त्याला बिनकामाचा दोर म्हणतात.’ मी निवृत्त झालो त्या बोटीवर आम्ही २१ जण होतो. बोट पहिलीच्या तिप्पट लांब होती.

आता दुसऱ्यांदा पाहिलं ते दापोलीच्या घरी, नातीबरोबर. ती पुण्याला संगणकाचं शिकते. सुट्टीवर आली होती, तिनेच तो भाग टीव्हीवर लावून दिला. लाल गणवेशातला एक तरुण एम-५ चा वीजजोड काढायला पुढे होतो, यंत्रातून इंजिनाकडे झोत निघतो आणि तो पोरगा जागच्या जागी नाहीसा होतो, नेमका त्या क्षणी आमच्याकडे लाइट गेली. पाऊण तास आली नाही. अंधारात ओटीवर बसलो. नातीने विचारलं, ‘आजोबा, पण यांनी प्लग आधीच का नाही काढला? आणि काढता येणार नाही असा जोडलाच का?’

हा प्रश्न मी पहिल्यांदा पाहताना विचारला नव्हता, आणि मी तर इंजिनिअर. तिला सांगितलं ते इथेही सांगतो. टायटॅनिक बुडाल्यानंतर १९१४ साली समुद्रावरच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला आम्ही सोलास म्हणतो. आज लागू आहे तो त्याचा १९७४ सालचा अवतार. त्यात स्वयंचलित इंजिनरूमसाठी एक कलम आहे. जहाज सुरक्षित चालवायला जी जी यंत्रं लागतात, ती प्रत्येक त्या यंत्रापाशी उभं राहून हाताने चालवता आली पाहिजेत, दूरनियंत्रण किंवा स्वयंचलित यंत्रणेचा कुठलाही भाग बंद पडला तरीसुद्धा. म्हणून कितीही आधुनिक बोट असो, मुख्य इंजिनाच्या अंगाला एक लहानसा चबुतरा असतो, तिथे इंधनाचा दांडा असतो, हवेने इंजिन सुरू करायचा झडप-दांडा असतो आणि ब्रिजकडून हुकूम यायला टेलिग्राफ असतो. सुकाणूचं तसंच. दर तीन महिन्यांनी आम्हाला कवायत करावी लागे. ब्रिजवरचं चाक सोडून द्यायचं, बोटीच्या पार मागच्या टोकाला सुकाणूच्या खोलीत जायचं, कानाला फोन लावून ब्रिजवरून कोन ऐकायचा आणि तिथल्या तिथे हाताने सुकाणू फिरवायचं. त्या खोलीत उन्हाळ्यात भट्टी असते आणि समुद्र उसळला की पोटातलं बाहेर येतं. नव्या पोरांना वाटे, चीफ उगाच छळतो. मी एकही कवायत चुकवली नाही.

एंटरप्राइझवर हेच नाही. जोडताना कुणी विचारलंच नाही की हा काढायचा कसा. स्कॉटी आणि स्पॉक एका अरुंद नळीत घुसून सुकाणूची तार तोडायला तासभर खपतात, आणि तुटल्यावर कळतं की एम-५ ने ताबा केव्हाच दुसऱ्या वाटेने वळवला आहे. जुन्या वाटेवर फक्त एक खोटा झटका सोडून ठेवलाय, यांना गुंतवून ठेवायला. माझ्या हाताला त्या नळीतला घाम जाणवला. अशा नळ्यांमधून मी आयुष्यभर सरपटलोय.

लाइट आली. पुढचा भाग बघताना नात एकदम सरसावून बसली. डेस्ट्रॉम कबूल करतो की एम-५ इतका हुशार झाला कारण त्याने स्वतःच्या मेंदूतले ठसे त्यात उतरवले आहेत. आधीचे एम-१ ते एम-४ फसले होते, म्हणून ही युक्ती. नात म्हणाली, ‘आजोबा, म्हणजे याला स्वतःच्याच डोक्याचा डेटा दिला! आम्ही आता हेच तर करतो. माणसांनी लिहिलेलं सगळं यंत्राला वाचायला देतो.’ मी म्हटलं, मग या माणसाच्या डोक्यात काय होतं ते नीट बघ. या डेस्ट्रॉमला चोविसाव्या वर्षी मोठा शोध लागलेला असतो. सगळ्या जहाजांवरचे संगणक त्याच्याच शोधावर चाललेले, नोबेल मिळालेलं. त्यानंतरची पंचवीस वर्षं तो सभांमधून त्याच शोधावर बोलतोय. लोक पाठीमागे हसतात, माझ्या कामावर त्यांनी नावं कमावली, असं तो पुटपुटत राहतो. विल्यम मार्शल या नटाने ते काम केलंय. धिप्पाड अंग, खर्जातला आवाज, आणि शेवटी यंत्राशी बोलताना तोच माणूस आजारी लेकराशी बोलावं तसा बोलतो. आपल्याला कुणी काही करू शकणार नाही, आपण टिकू, म्हणतो. बापच तो.

एम-५ मध्ये डेस्ट्रॉमची बुद्धी उतरली तशी त्याची भीतीही उतरली. आपल्याला कुणी निकामी ठरवेल, मोडीत काढेल ही भीती. कर्कला वाटते तीच. त्या जहाजावर डन्सेल व्हायला घाबरणारे तिघं आहेत, कप्तान, शास्त्रज्ञ आणि यंत्र. यंत्र माणसाविरुद्ध उठलं असं लेखात आहे, ते म्हणून मला पटत नाही. यंत्राने एका दुखावलेल्या माणसाचं वागणं तंतोतंत केलं, एवढंच. ते कुणाचं वागणं आहे, हे सत्ता हातात देण्यापूर्वी कुणी तपासलं नाही.

इथे एक गोष्ट सांगतो, ती मलाही नातीने शोधून दाखवली. एम-५ चा आवाज जेम्स डूहान यांचा आहे, म्हणजे स्कॉटी झालेल्या नटाचाच. यंत्र बंद करायला धडपडणारा इंजिनिअर आणि बंद व्हायला नकार देणारं यंत्र, दोघांचा गळा एक. आणि डूहान यांच्या उजव्या हाताला मधलं बोट नव्हतं. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडाच्या तोफखान्यात होते. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरले आणि त्याच रात्री गोळ्या लागून बोट गेलं. मालिकेत तो हात ते शक्यतो दिसू देत नसत. हे कळल्यावर मी उरलेला भाग त्यांच्या हाताकडेच बघत होतो.

त्याचं कारण आहे. ते कारण मी आजवर छापील कागदावर कधी लिहिलेलं नाही. एका कागदावर लिहिलं होतं, ते खोटं होतं.

१९८६ साली मी एका बोटीवर सेकंड इंजिनिअर होतो. मुख्य इंजिनाला थंड पाणी देणारे दोन पंप असतात. एक चालतो, दुसरा स्टँडबाय. चालत्या पंपाचा दाब घसरला की दुसरा आपोआप सुरू होतो, माणसाने काही करायचं नसतं. एका सकाळी स्टँडबाय पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरता दांडा पंपात शिरतो त्या सांध्यातून, पाणी गळत होतं. पॅकिंग बदलायचं काम मी आमच्या तेलवाल्याला सांगितलं. बाणकोट खाडीच्या काठचा माणूस, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, हात असा की पॅकिंगचा वेढा एकदा बसवला की बोटीच्या पुढच्या डॉकिंगपर्यंत बघायला नको. अशा कामाआधी पंपाचा ब्रेकर काढायचा असतो, फ्यूज खिशात ठेवायचे असतात आणि पॅनेलवर पाटी लटकवायची असते, ‘काम चालू आहे’. मी कंट्रोल रूममध्ये जाऊन स्विच ‘ऑटो’वरून ‘मॅन्युअल’वर फिरवला आणि तेवढ्यावर थांबलो. घाई होती. बंदर सहा तासांवर आलं होतं. खाली येऊन त्याला म्हटलं, ‘काढलाय, कर तू.’

वॉच बदलताना फोर्थ इंजिनिअर पॅनेलवरून नजर फिरवतो. बंदर जवळ आलं की सगळे स्विच ‘ऑटो’वर हवेत, ही शिस्त त्या पोराला मीच लावली होती. एक स्विच ‘मॅन्युअल’वर दिसला, पाटी दिसली नाही, त्याने तो फिरवला. दहा मिनिटांनी चालत्या पंपाचा दाब क्षणभर खाली आला आणि स्टँडबाय पंप सुरू झाला. पंपाला जे शिकवलं होतं ते त्याने अगदी बरोबर केलं. तेलवाल्याच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

त्या आवाजाबद्दल मी लिहिणार नाही. कॉटन वेस्टचा गठ्ठा त्याच्या हाताला दाबून धरला होता तो माझ्या हाताला अजून लागतो, एवढं सांगतो. तो ओरडला नाही. पंप बंद करा, पाणी इंजिनाला कमी पडेल, असं काहीतरी म्हणत होता.

कंपनीला अहवाल गेला त्यात वाक्य होतं, ‘स्वयंचलित यंत्रणेतील दोषामुळे स्टँडबाय पंप अनपेक्षितपणे सुरू झाला.’ मसुदा चीफचा, खाली सही माझीही. कुणाचं नाव येऊ नये, फोर्थचं करिअर जाऊ नये, माझं प्रमोशन अडू नये. यंत्रणेला काय, तिला ना बायको ना मुलं. बंदरात सर्व्हिसवाला येऊन दिवसभर पॅनेल तपासून गेला. त्याला दोष सापडला नाही, कारण नव्हताच. वरून कुणी पुन्हा विचारलं नाही. यंत्रणेचा दोष म्हटला की चौकशी संपते, हे मी त्या दिवशी शिकलो.

आता ‘द अल्टिमेट कॉम्प्युटर’चा शेवट सांगतो, म्हणजे मला दुसऱ्यांदा बघताना झोप का लागली नाही ते कळेल. सगळे उपाय थकल्यावर कर्क यंत्राशी बोलतो. एक्सकॅलिबरवर कुणी जिवंत आहे का तपास, म्हणतो. कुणी नाही, एम-५ सांगतो. का नाही? तू मारलंस म्हणून. खून हा माणसाच्या आणि देवाच्या कायद्याविरुद्ध आहे, हे एम-५ ला माहीत असतं, कारण डेस्ट्रॉमला माहीत असतं. शिक्षा काय? मृत्यू. ती तू कशी भोगणार? आणि एम-५ स्वतःला बंद करतो. जहाजाची संरक्षक कवचं खाली टाकतो आणि माऱ्यासमोर जहाज उघडं ठेवतो.

त्या गोष्टीत इतक्या लोकांनी निर्णय घेतले. कुणीतरी वरच्यांनी संगणक बसवायचा हुकूम काढला, वेस्लीने वाहवा केली, डेस्ट्रॉमने घडवला. ‘हे माझ्यामुळे झालं’ असं म्हणून त्याची किंमत मोजली ती एकट्या यंत्राने. नातीला ही कल्पना खूप आवडली. ती म्हणाली, याला खऱ्या अर्थाने जाणीव होती. मी काही बोललो नाही. १९८६ सालच्या त्या अहवालाखालची माझी सही मला दिसत होती.

त्यानंतर एक छोटा प्रसंग आहे. जहाजाचा संपर्क तुटलाय, समोर वेस्लीच्या तोफा सज्ज आहेत, एंटरप्राइझ उडवायची परवानगी त्याला मिळालीय. कर्क कवचं पुन्हा उभारत नाही. नुसता थांबतो. वेस्ली शेवटच्या घटकेला मारा थांबवतो. कर्क नंतर सांगतो की मी बॉब वेस्लीला ओळखत होतो, तो दया दाखवील यावर मी जुगार खेळलो. त्या तेलवाल्याकडे जाताना माझ्याकडे एवढाही भरवसा नव्हता.

मी गेलो ते अपघातानंतर चौदा वर्षांनी. त्याने पुन्हा बोट धरली नव्हती. भरपाईच्या पैशांत होडी घेतली होती, मुलगा चालवायचा. अंगणात सुपारी वाळत घातली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं की यंत्रणेचा दोष नव्हता, ब्रेकर मी काढला नाही, पाटी मी लावली नाही. तो सुपाऱ्या वरखाली करत राहिला, तीन बोटांच्या हाताने. मग म्हणाला, ‘साहेब, पाटी नव्हती ते मलाही दिसलं होतं. तुम्ही काढलाय म्हणालात ना, म्हणून हात घातला.’ मग आतून चहा मागवला. मला तो घशाखाली घालता येईना.

संपादक महाशय, मी यंत्रांच्या विरुद्ध नाही. रात्रीच्या इंजिनरूममधून माणूस बाहेर आला हे चांगलंच झालं. ४५ अंशांच्या उकाड्यात आणि त्या आवाजात पूर्वी आगवाल्यांनी कान आणि फुप्फुसं घालवली. नॉर्वेत ‘यारा बिर्कलांड’ ही विजेवर चालणारी, पुढे माणसाविना चालवायची म्हणून बांधलेली मालबोट २०२२ पासून माल वाहते आहे. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने स्वायत्त जहाजांच्या चार पायऱ्या मांडल्या आहेत, चौथ्या पायरीवर जहाज स्वतःच निर्णय घेतं. हे होणार आहे आणि व्हावं. त्या जहाजाच्या लॉगबुकात शेवटी सही कुणाची असेल, एवढंच मला विचारायचं आहे.

कारण सही नसली की काय होतं याचं याहून मोठं उदाहरण ब्रिटनमध्ये घडून गेलंय. तिथल्या टपाल खात्याने १९९९ पासून ‘होरायझन’ ही हिशेबाची संगणकप्रणाली बसवली. तिच्या दोषांमुळे लहान लहान टपाल कचेऱ्यांच्या हिशेबात खोटी तूट दिसू लागली. संगणक बरोबरच असणार असं धरून, कचेरी चालवणाऱ्यांना चोर ठरवलं गेलं. ९०० हून अधिक लोकांना शिक्षा झाल्या, काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. त्यांचे गुन्हे सरसकट रद्द करायला २०२४ साली संसदेला कायदा करावा लागला. त्यात आपल्याकडून गेलेल्या कुटुंबांतली माणसंही होती. तिथे यंत्र निर्दोष धरलं, माणूस दोषी. माझ्या बोटीवर माणसं निर्दोष धरली आणि यंत्र दोषी. दोन्हीकडे निर्णय घेणाऱ्यांची नावं तेव्हा कागदावर आली नाहीत.

म्हणून आपल्याला एक विनंती आहे, आणि ती आपल्या हातातली आहे. आपल्या अंकात आठवड्यातून दोन-तीनदा तरी ‘तांत्रिक बिघाडामुळे’ हे शब्द असतात. पेन्शन अडकली, तांत्रिक बिघाड. रेशन मिळालं नाही, अंगठा जुळला नाही, तांत्रिक बिघाड. परीक्षेचा निकाल चुकला, सर्व्हर. पुढे ‘एआयची चूक’ असं लिहिलं जाईल, आत्ताच लिहायला लागलेत. आपल्या वार्ताहरांनी हे शब्द छापण्यापूर्वी संबंधित कचेरीला तीन प्रश्न विचारावेत. हे यंत्र कुणाच्या हुकमाने बसवलं? ते हाताने बंद करून काम चालवायची सोय आहे का, आणि तिची कवायत शेवटची कधी झाली? ज्याने ‘काढलाय, कर तू’ म्हटलं तो माणूस कोण? उत्तर मिळालं नाही तर ‘उत्तर मिळालं नाही’ असं छापावं. माझ्या वेळी असा प्रश्न एका जरी माणसाने विचारला असता तर मी तेव्हाच खरं बोललो असतो असं मला वाटतं. तेव्हा माझं वय ३२ होतं.

पत्र छापताना माझं नाव दिलं नाही तरी चालेल, कारण त्यावरून त्या तेलवाल्याचं घर शोधता येईल. तो आता हयात नाही, पण घरची माणसं आहेत. पत्राखाली सही मात्र केली आहे, ती आपल्या दप्तरी असू द्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त चीफ इंजिनिअर
दापोली, जि. रत्नागिरी

ता. क. : लेखात या भागाचं साल १९६७ छापलं आहे, ते दुरुस्त करावं. तो अमेरिकेत ८ मार्च १९६८ रोजी दाखवला गेला, मालिकेच्या दुसऱ्या पर्वात. पटकथा डी. सी. फोंटाना यांची आहे. डी म्हणजे डोरोथी, त्या बाई होत्या, लेखात ‘त्याने लिहिलेल्या’ असं आलंय. माणसाशी बोलणारा आणि माणसं मारणारा हॅल हा संगणक ज्या चित्रपटात आहे तो ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ त्यानंतर महिन्याभराने, एप्रिल १९६८ मध्ये लागला, त्यामुळे एम-५ हॅलवरून घेतला हे लेखातलं विधानही जुळत नाही.